साइटचे बूट, गडाचे बूट आणि माझा पाच नंबर

साइटवर चालतील आणि रविवारी गडावरही नेता येतील असे एकच बूट घ्यायचे, असा माझा मे २०२५ मधला बेत होता. एकदाच खर्च, खोलीत जागा कमी, आणि रुळलेला जोड पायात असला की फोड येत नाहीत, इतका साधा हिशोब. आता डिसेंबर आहे आणि दाराशी दोन जोड उभे आहेत. मधल्या महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवतेय, कारण साइटवर नव्याने येणाऱ्या मुली मला हेच विचारतात आणि दर वेळी मी अर्धं सांगायला विसरते.

मी सिव्हिल इंजिनिअर. भोरच्या पलीकडे पाणीपुरवठ्याच्या एका कामावर खासगी कंत्राटदाराकडे नोकरीला आहे. सकाळी पाइपलाइनच्या चरात, दुपारी टाकीच्या शटरिंगवर (काँक्रीट ओतायला उभारलेल्या फळ्यांच्या साच्यावर), आणि मध्येच सर्व्हेसाठी डोंगरउतारावर. म्हणजे बुटांच्या दृष्टीने सगळं वाईट एकाच दिवसात.

रुजू झाले १९ मे रोजी. सुरक्षेचं तासाभराचं भाषण झालं, मग स्टोअरमध्ये रजिस्टरवर सही करून हेल्मेट, जाकीट आणि बूट घ्यायचे. बुटांचा सगळ्यांत लहान नंबर होता सहा. माझा पाय चार ते पाचमध्ये कुठेतरी. स्टोअरकीपर दादा अगदी मायेने म्हणाले, "मॅडम, दोन मोजे घाला, बसेल बरोबर. आधीच्या मॅडम पण तसंच करायच्या."

दोन मोजे घालून दिवस काढला. टाच प्रत्येक पावलाला उचलली जात होती, पण खरा त्रास पुढे होता. सेफ्टी बुटाच्या टोकात पोलादी किंवा कठीण प्लास्टिकची टोपी असते, ती वाकत नाही. बूट वाकतो तो तिच्या मागच्या रेषेवर. पाय लहान असला की आपली बोटं जिथे वाकतात ती जागा आणि बुटाची वाकण्याची जागा जुळत नाहीत, आणि टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर घासत राहते. मोजे कितीही चढवा, ती कड हलत नाही. संध्याकाळी दोन्ही पायांवर सारखी लाल रेघ. मोठा नंबर आणि जाड मोजे ही जुळवाजुळव साध्या बुटात कदाचित चालून जाते, टोपीच्या बुटात चालत नाही.

सेफ्टी ऑफिसर साहेबांना रेघ दाखवली. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "इंडेंट भरा." इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या फॉर्मवर, साइट इन्चार्जची सही, मग तो मुंबईच्या मुख्य कार्यालयात खरेदी विभागाकडे. तिथून चार दिवसांनी प्रश्न आला: कारण काय? कारण लिहिलं. मग आणखी एक प्रश्न: किती जोड? एक. एका जोडासाठी दरपत्रकं मागवायची का, यावर तिकडे काय चर्चा झाली देव जाणे, पण जून लागला तरी उत्तर नव्हतं.

पावसानेही यंदा घाई केली. २६ मे रोजीच मान्सून मुंबईत पोहोचला, आमच्याकडे चरात पाणी भरलं. पाय नीट बसत नाहीत तोवर चरात आणि शटरिंगखाली जायचं नाही, असं मी इन्चार्ज साहेबांशी बोलून ठरवून घेतलं आणि ते मेलवरही टाकलं. तोवर सर्व्हे आणि ऑफिसची कामं. इथे एक सांगते: तोंडी ठरलेलं लगेच दोन ओळींच्या मेलमध्ये लिहून ठेवा. पुढे परताव्याच्या वेळी तोच मेल माझ्या कामी आला.

जूनच्या मध्यावर उत्तर आलं. ठरलेल्या पुरवठादाराकडे सहाच्या खालचे नंबर नाहीत, तेव्हा स्वतः खरेदी करा, १,५०० रुपयांपर्यंत परतावा मिळेल. अटी तीन: बिल कंपनीच्या नावाने आणि कंपनीच्या जीएसटी क्रमांकासह, बुटावरच्या आयएसआय चिन्हाचा फोटो, आणि सेफ्टी ऑफिसरची तपासणी झाल्याची सही. वाचून आधी चिडचिड झाली. नंतर लक्षात आलं की स्टोअरच्या खोक्यातून जे निघेल ते घालण्यापेक्षा हे बरंच.

खरेदीआधी पाय मोजले, आणि या सगळ्या खटाटोपात सगळ्यांत उपयोगी पडलं ते हेच. भिंतीला कागद टेकवायचा, टाच भिंतीला, पूर्ण वजन त्या पायावर, आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून खूण करायला सांगायची. स्वतः वाकून खूण केली की पायाचं वजन सरकतं आणि माप चुकतं. मापं संध्याकाळी घ्यायची, दिवसभर उभं राहून पाय जरा सुजलेले असतात तेव्हा, आणि जे मोजे घालणार तेच घालून. माझा डावा निघाला २३३ मिलिमीटर, उजवा २३७. रुंदी, बोटांच्या सांध्यांपाशी, ९८. इतकी वर्षं डावा पाय घालून बघून चपला घेत होते, त्यामुळे उजव्या करंगळीवर कुरूप का आलं याचा उलगडा झाला. मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचं, लहान पायात फार तर सुकतळा जाड घालता येतो.

मिलिमीटरमध्ये माप असण्याचा फायदा असा की नंबरांच्या गोंधळातून सुटका होते. यूके नंबरमध्ये एका नंबराला साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो, युरोपीय नंबरमध्ये पावणेसात. त्यातून प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. एकीचा पाच दुसरीच्या साडेचारएवढा. खोक्यावर किंवा जिभेच्या आतल्या लेबलवर बऱ्याचदा सेंटिमीटरमध्येही माप असतं, ते बघायचं. आणि रुंदी तर आपल्याकडे कुणी विचारतही नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखभर लोकांची पावलं मोजून भारतीय पायांसाठी वेगळी मापपद्धती सुचवली आहे, कारण आपले पाय सरासरीने जास्त रुंद निघाले. ती दुकानात येईल तेव्हा येईल. तोवर रुंद पायाच्या माणसाला लांबीने मोठा बूट विकला जातो आणि तो मग उतारावर पुढे सरकतो.

सेफ्टी बुटांसाठी भोसरी एमआयडीसीच्या बाजूची दुकानं पालथी घातली. शनिवारी दुपारनंतर बरीच बंद होतात, त्यामुळे पहिली फेरी फुकट गेली. दुसऱ्या वेळी अर्धी रजा टाकून गेले.

दुकानात ५५० रुपयांपासून 'सेफ्टी शूज' मिळतात. दिसायला तसेच, टोकाला कडक. पण आत चिन्ह नाही. बघायचं ते हे: आयएसआयचं चिन्ह, त्याच्या वर आयएस १५२९८ हा क्रमांक, आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते कळतं. मी दुकानातच टाकून बघत होते. एका दुकानदाराने तोंड वाकडं केलं, दुसऱ्याने खुर्ची दिली.

आयएस १५२९८ चे भाग आहेत. भाग २ म्हणजे खरे सेफ्टी बूट, ज्यांची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते. साध्या भाषेत, २० किलोचं वजन सुमारे एक मीटरवरून बोटांवर पडलं तर. भाग ३ मध्ये हाच आकडा १०० ज्यूल. भाग ४ मध्ये टोपीची सक्तीच नाही, ते नुसते कामाचे बूट. दुकानात तिन्ही शेजारी शेजारी लटकलेले असतात आणि तिन्हींवर आयएसआय असतं, त्यामुळे भाग कुठला ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यापुढे एस१, एस२, एस३ अशा खुणा. बांधकामावर मला एस३ हवा होता, कारण त्यात तळात खिळा न घुसण्याची तजवीज असते, वरचा भाग पाणी सहजी आत घेत नाही आणि तळाला खोल खाचा असतात. शटरिंग उकललेल्या फळ्या उलट्या पडलेल्या असतात, खिळे वर करून. ज्याने त्यावर एकदा पाय दिलाय त्याला एस३चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पाच नंबरात एस३ शोधायला पाच दुकानं तरी फिरावी लागतात, हे आधीच धरून चाला. फोन करून "लेडीज सेफ्टी, नंबर पाच, एस३ आहे का" असं विचारून मगच निघा. "आहे, या" म्हणतात आणि गेल्यावर सहा काढून दाखवतात, म्हणून फोटो मागवा. मला मिळाला तो कंपोझिट, म्हणजे पोलादी नसलेल्या टोपीचा, चामड्याचा, घोट्याच्या वर येणारा. चार नंबर लांबीला बसत होता पण रुंदीत आवळत होता, पाच घेतला. किंमत जीएसटी धरून २,१५०. म्हणजे ६५० माझ्या खिशातून. पोलादी टोपीचा तसाच बूट स्वस्त होता, पण हातात धरला की फरक कळतो, आणि दिवसभर पाऊल उचलायचं ते मला.

नवा जोड थेट साइटवर नेला नाही. आठवडाभर संध्याकाळी खोलीत तासभर घालून फिरले. आईने फोनवर खोबरेल तेल लावायला सांगितलं. कोल्हापुरीला तेल पाजतात, ते मीही लहानपणी केलंय, पण चिकटवलेल्या तळाच्या बुटावर प्रयोग करायची हिंमत झाली नाही. टाचेवर जिथे घासतं तिथे फोड येण्याआधीच कापडी चिकटपट्टी लावली. लालसर झालं की लावायची, पाणी भरल्यावर नाही. दहाएक दिवसांत बूट चावायचा थांबला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सेफ्टी ऑफिसर साहेबांनी तपासून सही केली आणि मी चरात उतरले.

आता गडाची गोष्ट.

हेच बूट घालून ऑगस्टमध्ये रोहिड्यावर गेले. मुद्दाम रोहिडा, कारण भोरहून बाजारवाडी जवळ, चढ तासाभराचा, आणि काही बिनसलं तर परत फिरणं सोपं. शिवाय जुलैत राजगड जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तिथे रविवारी पाय ठेवायला जागा नसते. चढताना काही वाटलं नाही. घोट्याला आधार होता, चिखलात तळ धरत होता. दरवाज्यांच्या पायऱ्यांवर ओला दगड आला तिथे मात्र पहिल्यांदा पाय सुटला. सेफ्टी बुटांचा तळ बहुतेक वेळा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा असतो. हलका, तेलाला दाद न देणारा, कारखान्याच्या फरशीवर उत्तम. घसरण्याच्या चाचणीच्या खुणा असतात त्यावर, एसआरए म्हणजे साबणाच्या पाण्याने ओली फरशी, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेलं पोलाद, एसआरसी म्हणजे दोन्ही. शेवाळ धरलेला सह्याद्रीचा कातळ या चाचण्यांमध्ये नाही.

उतरताना दुसरी अडचण. प्रत्येक पावलाला पाय अर्धा-पाऊण सेंटिमीटर पुढे जातो, साध्या बुटात पुढचा भाग थोडं सोसून घेतो, इथे बोटं थेट टोपीला भिडतात. नाड्या आवळल्या, टाच मागे बसवली, तरी पायथ्याशी आल्यावर दोन्ही अंगठे ठणकत होते. उजव्याचं नख पुढे काळं पडलं. ज्या टोपीसाठी साइटवर पैसे मोजले तीच उतारावर नको होती. एक जोड दोन्हीकडे, हा विचार मी तिथे बाजारवाडीत चहा पिता पिता सोडला.

गडासाठी घाई नव्हती. पावसाळा संपेपर्यंत थांबले आणि तोवर लोकांना विचारत राहिले. सह्याद्रीत फिरणाऱ्या कुणालाही विचारलं तर एक उत्तर हमखास येतं: ॲक्शनचे ट्रेकिंग शूज. स्वस्त, रबरी तळ, ओल्या कातळावर विश्वास ठेवण्यासारखी पकड. गेली कित्येक वर्षं गडांवर तेच दिसतात. दुसरा गट डेकॅथलॉनवाल्यांचा. तिसरा आठ-दहा हजारांच्या परदेशी बुटांचा, जे हिमालयात नक्की उपयोगी असतील.

पाणी न शिरणाऱ्या पडद्याचे बूट घ्यावेत का, यावर मी बराच विचार केला आणि नको ठरवलं. आपल्या पावसात पाणी बुटाच्या कापडातून नंतर शिरतं, आधी वरून शिरतं. गुडघाभर ओढा ओलांडला की झालं. मग तोच पडदा ते पाणी आत धरून ठेवतो आणि आपण दिवसभर बादलीत पाय घालून चालतो. जाळीच्या बुटातून दहा पावलांत पाणी निघून जातं. बर्फात हिशोब वेगळा. उंच घोट्याचे की बुटके, यात मी बुटके घेतले, कारण माझं ओझं एका दिवसाचं असतं. पाठीवर पंधरा किलोची सॅक घेऊन मुक्कामी जाणाऱ्यांनी उंच घ्यावेत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला खरेदी केली. २२ सप्टेंबरपासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के झाला होता, तेवढा फायदा पदरात पडला. दुकानात संध्याकाळी गेले, माझे मोजे घेऊन. नाडी न बांधता पाय पूर्ण पुढे सरकवायचा आणि टाचेमागे एक बोट जाईल इतकी जागा बघायची. मग टाच मागे ठोकून नाडी बांधायची आणि दुकानाच्या जिन्यावरून खाली उतरायचं, जरा पाय आपटत. अंगठा पुढे टेकला की तो जोड बाद. तळाची खाच नखाने दाबून बघायची, जरा दबली तर रबर मऊ आहे. ते झिजतं लवकर पण धरतं चांगलं. बूट दोन्ही हातांनी पिळायचा, फडक्यासारखा पिळला गेला तर दगडांच्या वाटेवर तळव्यांना प्रत्येक दगड टोचणार.

आणि खोक्यावरची निर्मितीची तारीख. सेलमध्ये एक सुंदर जोड अर्ध्या किमतीत होता, तारीख २०२२ ची. पीयूचा थर असलेला तळ न वापरताही हवेतल्या दमटपणाने आतून कुजत जातो, आणि एक दिवस भर वाटेत भुगा होऊन सुटतो. कपाटात जपून ठेवलेल्या बुटांचे तळ गळून पडतात ते यामुळेच. खोक्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापणं बंधनकारक आहे, तेव्हा वाचायला काय जातं. मी २,२९९ चा, २०२५ मध्येच बनलेला जोड घेतला, पाच नंबर, लेबलवर २४.५ सेंटिमीटर.

घरी नेण्याआधी गटई स्टॉलवरच्या काकांकडून तळाला कडेने शिलाई मारून घेतली, १२० रुपये. नुसत्या चिकटवलेल्या तळाचा भरवसा दोन पावसाळ्यांपेक्षा जास्त धरू नये असं त्यांचं मत, आणि त्यांच्या हाताखालून बरेच ट्रेकर गेले आहेत. पडद्याच्या बुटाला मात्र शिलाई मारू नका, सुई पडद्यातून गेली की पाणी आत.

नोव्हेंबरात रायरेश्वर आणि केंजळगड केला. रायरेश्वरच्या लोखंडी शिडीवर आणि केंजळच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर पाय कुठेच सुटला नाही, उतरताना मुरमाच्या घसाऱ्यावर थोडा सरकला, पण तिथे सगळेच सरकतात. उतार सुरू व्हायच्या आधी थांबून नाडी पुन्हा बांधली: वरच्या शेवटच्या भोकात नाडीचं छोटं कडं करून समोरची नाडी त्यातून ओवायची, म्हणजे टाच जागेवर बसते. आदल्या दिवशी नखं कापलेली होती. सुती मोज्यांऐवजी लोकर मिसळलेले मोजे होते, ३५० रुपयांचे. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतो. मला विचाराल तर बुटांवर हजार रुपये कमी खर्च करा, पण मोजे चांगले घ्या.

देखभालीत फारसं काही नाही. भिजले की सुकतळे बाहेर काढायचे, आत वर्तमानपत्र कोंबायचं, दोन-तीन तासांनी बदलायचं, पंख्याखाली ठेवायचे. चुलीजवळ किंवा कडक उन्हात नाही. साइटच्या बुटांवरचं सिमेंट त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायचं, सुकलं की चामडं तडकतं.

राहिला परतावा. बिल जुलैत जमा केलं, ऑगस्टच्या शेवटी परत आलं, कारण दुकानदाराने कंपनीच्या जीएसटी क्रमांकात एक आकडा चुकवला होता. पुन्हा भोसरी. त्यांनी बिल दुरुस्त करून दिलं, कुरकुर न करता. मग तपासणीच्या सहीची तारीख बिलाच्या आधीची का नाही, असा उलटा प्रश्न आला. बूट आधी घेतला, मग तपासला, हे समजावायला सेफ्टी ऑफिसर साहेबांनाच मेल करावा लागला, आणि त्यासोबत मेमधला माझा मेल जोडला. १,५०० रुपये नोव्हेंबरच्या पगारात आले. बिल थर्मल कागदावरचं होतं, तोवर निम्मं पुसट झालेलं. घेतल्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवला नसता तर सगळं तिथेच थांबलं असतं.

दरम्यान सेफ्टी ऑफिसर साहेबांनी पुरवठादार बदलताना यादीत चार आणि पाच नंबर घालून घेतले. स्टोअरमध्ये आता दोन्हीचे जोड आहेत, दादांनी स्वतः बोलावून दाखवले. गेल्या सोमवारी सर्व्हेला एक नवी मुलगी रुजू झाली. तिला तीन लागतो. तिचा इंडेंट भरून झालाय, कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते मी सांगितलं.